रविवार नको, बुधवार द्या

प्रति,
मुंबईतल्या कंपन्यांचे सीएसआर (नफ्यातला वाटा समाजाच्या कामावर खर्च करणारे) विभाग सांभाळणारे साहेब आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

गेल्या फेब्रुवारीत तुमच्यातल्याच एका ऑफिसातून मला फोन आला होता. आवाज तरुण होता, बोलणं गोड. म्हणाला, "ताई, 31 मार्चच्या आत एक दिवसाची स्पर्धा घ्यायचीय. कमीत कमी तीनशे मुलं लागतील. टी-शर्टचे साइज सोमवारपर्यंत पाठवाल?" मी म्हटलं, दहावीची परीक्षा चालू होतेय, बाकीच्यांच्याही तोंडावर आल्यात, मुली येणार नाहीत. तो म्हणाला, "मग दहावीच्या सोडून बाकीच्या घ्या." त्याचंही चुकलं नव्हतं. त्याच्या डोक्यावर वर्षअखेर होती, माझ्या मुलींच्या डोक्यावर बीजगणित. मी नाही म्हणून सांगितलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा. फोन ठेवला आणि पोटात गोळा आला, कारण एकदा नाही म्हटलं की पुन्हा कोणी विचारत नाही. म्हणून हे पत्र.

मी मानखुर्दला राहते. रेल्वे रुळांच्या कडेची आणि रस्तारुंदीत गेलेली घरं उठवून जिथे 225 चौरस फुटांच्या खोल्यांत माणसं आणून बसवली, त्या इमारतींमधल्या एकीत. सकाळी सहापासून एका पॅथॉलॉजी लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करते, दुपारी घरी येते, आणि संध्याकाळी इमारतींमागच्या मोकळ्या तुकड्यावर मुलींना खो-खो शिकवते. स्वतः जिल्ह्यापर्यंत खेळले. पळतीत बरी होते. खांबावर सूर मारताना खांदा निखळला आणि माझा खेळ तिथेच संपला.

तुमच्याकडच्या कागदांत मी कधी 'कम्युनिटी मोबिलायझर' असते, कधी 'स्वयंसेवक', एकदा तर 'स्थानिक संसाधन व्यक्ती' होते. मुली ताई म्हणतात. क्रिकेटवाली पोरंही आता ताई म्हणतात, पण तिथपर्यंत यायला पाच वर्षं लागली.

आधी माझीच चूक कबूल करते. तुमच्या रविवारच्या स्पर्धांना मी बरेचदा हो म्हटलंय. एका अहवालात मी 250 लाभार्थी लिहिले होते. त्यातल्या माझ्या मुली साठ-सत्तर. बाकीची बाजूच्या पट्ट्यात गोट्या खेळणारी, वडापावसाठी आलेली आणि नुसती बघायला थांबलेली पोरं. फोटो काढणाऱ्याने सगळ्यांना एका रांगेत बसवलं, टी-शर्ट घातले, झाले 250. तुम्ही आकडा मागितला, मी दिला. आपण दोघांनीही एकमेकांना सांभाळून घेतलं.

तो रविवार कसा असतो ते तुम्हाला मंचावरून दिसतं. मला कुठून दिसतो ते सांगते. शनिवारी रात्री मंडपवाला येतो आणि मैदानात खांबांसाठी खड्डे खणतो. आमची जागा तशीही अपुरी आहे. खो-खोचं मैदान 27 बाय 16 मीटरचं असतं. आमच्याकडे एका टोकाला 21 मीटरवर गटार लागतं, म्हणून आम्ही आठऐवजी सहा चौकांवर सराव करतो. त्यात मंच, साउंड, पाहुण्यांच्या खुर्च्या. एकदा तर बॅनर इतका मोठा होता की तो लावायला आमचा एक खांबच उपटला. उद्घाटन साडेनऊला म्हणून मुली आठपासून उन्हात बसलेल्या. पाहुणे अकराला आले. भाषणं झाली, फुगे सोडले, आणि खेळायला प्रत्येक संघाच्या वाट्याला एक डाव आला. तोही नऊ मिनिटांचा नाही, पाचाचा. नंतर चषक. आमच्याकडे कपाटावर नऊ चषक आहेत. त्यातल्या चारांवर कंपनीचं नाव आहे आणि खेळाचं नाही.

टी-शर्टचं तर विचारूच नका. दहा वर्षांच्या मुलीला एक्स्ट्रा लार्ज. आयांनी ते रात्री घालायला घेतले, पुढे पायपुसणी झाली. आमच्या मजल्यावर तीन वेगवेगळ्या कंपन्यांची पायपुसणी आहेत.

आणि मग सोमवार. मंडप निघतो, खिळे राहतात. गणपती-नवरात्रीनंतर तेच, तुमच्या रविवारनंतर तेच. निम्म्या मुली अनवाणी खेळतात. त्यामुळे कुठल्याही मंडपानंतरचा आमचा पहिला सराव म्हणजे खिळे वेचणं. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक सुतळीला बांधून मुली रांगेने मैदान फिरतात. लहान मुलींना हा प्रकार खो-खोपेक्षा जास्त आवडतो, हे खरं. कोणाला किती खिळे मिळाले याचीच स्पर्धा लागते. पण त्या वेचणीला कुठल्याच अहवालात रकाना नाही.

आता बुधवारचं सांगते, कारण खरं काम बुधवारी असतं. मंगळवारी, गुरुवारीही असतं, पण बुधवार मला सगळ्यात अवघड जातो. का, ते पुढे येईलच.

जागा एकच, हक्कदार चार. चार ते सहा क्रिकेटवाली पोरं. सहा ते साडेसात माझ्या मुली. त्यानंतर मोठी माणसं, पत्ते आणि मोबाइल. शिवाय टेम्पो लावणारे दोन जण, ज्यांना हटवायचं तर रोज नव्याने गोड बोलावं लागतं. पहिली दोन वर्षं क्रिकेटवाले सहाला हटायचेच नाहीत. 'ताई, लास्ट ओव्हर' म्हणायचे आणि ती ओव्हर सव्वासातला संपायची. मी भांडून पाहिलं, एका स्थानिक भाऊंकडे जाऊन पाहिलं. भाऊंनी पोरांना दम दिला, आठवडाभर मैदान मोकळं मिळालं आणि दुसऱ्या आठवड्यात आमची फक्की (मैदान आखायची पांढरी भुकटी) कोणीतरी गटारात ओतली. तेव्हा कळलं की भाऊंच्या जोरावर मिळालेलं मैदान भाऊ असेपर्यंतच आपलं. शेवटी तह झाला तो दिव्यावरून. समोरच्या इमारतीच्या कमिटीला समजावून त्यांच्या कॉमन मीटरवरून आम्ही एक हॅलोजन ओढला. बिलाचा वाटा आम्ही भरतो. पोरांना म्हटलं, साडेसातनंतर दिवा तुमचा, सहा ते साडेसात मैदान आमचं. त्या दिवसापासून सहाला मैदान मोकळं होतं. त्यांच्यातला एक जण आता आमच्या सामन्यांना पंच म्हणून उभा राहतो आणि नियमाला माझ्यापेक्षा कडक आहे.

वस्तीतल्या खेळाचं व्यवस्थापन म्हणतात ते हेच, साहेब. फक्की कोण आणणार, किल्ली कोणाकडे राहणार, टेम्पोवाल्याशी कोण बोलणार, दिव्याचं बिल या महिन्यात कोण भरणार. कौशल्य, तंत्र, डावपेच हे सगळं त्यानंतर.

आणि पाणी. आमच्याकडे नळाला पाणी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास येतं, पाऊण तास टिकतं. सराव रंगात आलेला असतो, साखळी (बसलेल्यांच्या मधून नागमोडी) पळणाऱ्या मुलीने दोन-तीन मिनिटं काढलेली असतात, आणि चौथ्या मजल्यावरून कोणाची तरी आई ओरडते, "पाणी आलंऽऽ!" एका क्षणात चौकांवर बसलेल्या सहापैकी चार मुली गायब. पळती करणारी एकटीच खांबाला धरून उभी. सुरुवातीला मी चिडायचे. मग वेळापत्रकच पाण्यावर बसवलं. कुठल्या इमारतीला कुठल्या दिवशी कधी पाणी, ते वहीत लिहिलं आणि त्याप्रमाणे दोन तुकड्या केल्या. बुधवारी दोन्ही बाजूंना एकदमच पाणी येतं. म्हणून बुधवार अवघड.

हे वेळापत्रक कुठल्याही प्रशिक्षण शिबिरात शिकवत नाहीत. बाहेरून येणारा प्रशिक्षक कितीही राष्ट्रीय असला तरी त्याला ते माहीत असणार नाही. माहीत होण्यापुरता तो इथे राहिलेलाच नसतो. तुम्ही मागे एकदा पाठवलेले सर खरंच चांगले होते, त्यांनी मुलींचा सूर सुधारला. बारा सत्रं झाली, करार संपला, सर गेले. पुढचे तीन महिने मुली विचारत होत्या की सर कधी येणार.

सगळ्यात मोठी गळती मुलींची, आणि ती तेरा-चौदाव्या वर्षी. पाचवी-सहावीत मैदान ओसंडून वाहतं. आठवीत चेहरे कमी होतात, नववीत मोजके राहतात. कारणं तुम्हाला ठाऊक असतील, पण पाठोपाठ लागली की कशी दिसतात ते ऐका. पाळी सुरू होते आणि मैदानाजवळ संडास नाही. अंधार लवकर पडतो आणि दिवा एकच. धाकट्या भावाला सांभाळायला घरी कोणी नाही. कोणीतरी वडिलांना सांगतं, तुमची मुलगी चड्डीवर पळते. यातलं एखादं कारण मी बोलून सोडवू शकते. चारही एकदम आली की मुलगी जाते.

एक मुलगी होती, नाव सांगत नाही. पळती अशी की बघत राहावं, पाठलाग करणारी हात घालायची आणि ही तिथे नसायची. नववीत वडिलांनी थांबवली. मी दोनदा घरी जाऊन आले, चहा पिऊन परत आले. मग एक युक्ती केली. तिला म्हटलं, लहान मुलींची तुकडी तू घे, महिना दोन हजार देईन. पैसे माझ्या पगारातले, नाव आमच्या खो-खो मंडळाचं. पहिल्या महिन्याचं पाकीट तिने वडिलांच्या हातात दिलं. दुसऱ्या महिन्यात एक दिवस तिला उशीर झाला, तर वडीलच म्हणाले, "आज मैदानावर गेली नाहीस? कामाला दांडी मारू नये." त्यांच्या लेखी खेळ म्हणजे उनाडकी होती आणि काम म्हणजे काम. आम्ही फक्त खेळाचं काम केलं.

ती दोन वर्षं टिकली. तिच्यामुळे तिच्या इमारतीतल्या सात-आठ मुली टिकल्या, कारण जाता-येता सोबत होती. मग माझ्या सासूबाईंचं आजारपण निघालं, दोन हजार निघेनात. तिने तीन महिने फुकट केलं. चौथ्या महिन्यात मॉलमध्ये लागली. बारा तास उभं राहायचं काम आहे. परवा भेटली तेव्हा म्हणाली, "ताई, पोटऱ्या आता नुसत्या उभं राहून दुखतात."

ज्या वर्षी ती गेली, त्याच वर्षी तुमच्यापैकी एका कंपनीने आमच्याकडे एक दिवसाचा कार्यक्रम केला. मंडप, साउंड, टी-शर्ट, नाश्ता, चषक आणि वरून फिरणारा ड्रोन मिळून खर्च साडेतीन लाखांच्या वर गेल्याचं मला मंडपवाल्याकडून कळलं. मी बसून भागाकार केला. दोन हजारांच्या हिशेबाने ते तिचे चौदा वर्षांहून जास्त पगार होतात. हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. पण मी तो भागाकार केला होता, हे तुम्हाला माहीत असू दे.

आता थोडं मागे जाते. माझा मामा लालबागचा, कबड्डीवाला. त्याच्या काळी कंपन्या खेळासाठी काय करायच्या ते तो अजून रंगवून सांगतो. गिरण्यांचे संघ होते. 1982 च्या संपानंतर गिरण्या बसत गेल्या तसे ते संघही गेले. पण बँका, रेल्वे, पोलीस, बंदर, महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, देना बँक यांचे संघ व्यावसायिक गटात खेळतच राहिले. कंपनी खेळाडूला नोकरी द्यायची. तो सकाळी कामावर जायचा, सामन्याच्या दिवसांत सुटी मिळायची, आणि संध्याकाळी आपल्या गल्लीतल्या मंडळात येऊन पोरांना लाल मातीत लोळवायचा. मंडळाला तो फुकट वाटायचा, पण तो फुकट नव्हता. त्याचा पगार कंपनी देत होती. मंडळांची कबड्डी जगली ती निष्ठेवर, असं सगळे म्हणतात. निष्ठा होतीच, पण त्या निष्ठेच्या खिशात पगाराचं पाकीट होतं.

नागपूरचंही तेच बघा. तिथे 2001 मध्ये विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या पोरांचं फुटबॉल सुरू केलं, आणि ते वाढत गेलं. पोरं पुढे देशासाठी बेघरांच्या विश्वचषकात जाऊन आली. पण सुरुवात झाली तेव्हा सर हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. म्हणजे घर चालवायची काळजी नव्हती. हा त्यांचा मोठेपणा कमी करायचा मुद्दा नाही. एवढंच की वस्तीत जिथे जिथे काही टिकलेलं दिसतं, तिथे रोज येणारा माणूस कशावर जगत होता ते शोधा. उत्तर सापडतंच.

म्हणून तुमच्याकडे माझी मागणी एकच आहे. माणसाचे पैसे द्या. स्पर्धेचे नको, साहित्याचे नको, ओपन जिमचे तर नकोच (आमच्याकडे एक आहे, तिच्यावर गोधड्या वाळतात). रोज संध्याकाळी येणाऱ्या माणसाच्या मानधनाचे द्या, आणि तीन वर्षं द्या.

यावर मला नेहमी एकच उत्तर मिळतं: "ताई, पगार आमच्या पॉलिसीत बसत नाही. प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे." मी बरीच वर्षं ते निमूट ऐकलं. माझी पुतणी सीएस, म्हणजे कंपनी सेक्रेटरीचा कोर्स, करते. तिला म्हटलं, हे खरं का ते बघ. तिने कागद काढून मला वाचून दाखवले. तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, तरी आमच्यासारख्या बाकीच्या ताया-दादा हे पत्र वाचतील, म्हणून लिहिते.

कंपनी कायदा 2013, कलम 135. मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजाच्या कामावर खर्च करायची. सातव्या अनुसूचीत ज्या कामांची यादी आहे, तिच्यात ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यतेचे खेळ, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळ यांच्या वाढीसाठी 'प्रशिक्षण' असा शब्द आहे. प्रशिक्षण, स्पर्धा नव्हे. आणि 18 जून 2014 च्या परिपत्रकात केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने स्पष्टच म्हटलं होतं की मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिरात असे एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआरच्या खर्चात धरता येणार नाहीत. मग आमचा रविवार कसा बसतो? तो 'प्रकल्पाचा समारोप' म्हणून बसतो, हे मला आता कळलं. प्रकल्प कधी सुरू झाला होता ते मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं.

पाच टक्क्यांची गोष्ट अशी. 2021 च्या नियमांत ती मर्यादा आहे, पण ती कंपनीचा स्वतःचा सीएसआरचा कारभार चालवायच्या खर्चाला. एखादा ठरावीक प्रकल्प आखणं, राबवणं, त्यावर देखरेख ठेवणं यांचा थेट खर्च त्यात येत नाही, असं त्या व्याख्येतच लिहिलंय. मुलींना रोज खो-खो शिकवणारी बाई हा प्रकल्पाचा कारभार नाही, साहेब. ती बाई म्हणजेच प्रकल्प. तिला काढा, मग मागे काय उरतं ते बघा: दोन खांब आणि फक्कीची गोणी.

तीन वर्षांचंही नियमातच आहे. चालू प्रकल्प म्हणून मंजूर केला तर सुरू झालेलं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं तो चालवता येतो, आणि वर्षअखेर उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून पुढे वापरता येते. म्हणजे फेब्रुवारीत टी-शर्टचे साइज मागायची वेळच यायला नको. मूल्यमापनाचा अहवाल बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यायची सक्ती आहे ती मोठ्या कंपन्यांच्या एक कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांना. आमचा खर्च कोटीच्या आसपासही जात नाही.

किती जातो? माझा हिशेब: एक मुख्य प्रशिक्षक, महिना 20,000. दोन मदतनीस मुली, अठराच्या वरच्या, आमच्याच मैदानावर तयार झालेल्या, प्रत्येकी 6,000. फक्की, दिवा, पाणी, प्रथमोपचार, जिल्हा स्पर्धेला जायचं गाडीभाडं मिळून 4,000. महिन्याचे 36,000, वर्षाचे 4,32,000. त्या ड्रोनवाल्या रविवारपेक्षा थोडं जास्त, हे मान्य. पण रविवार एक आणि आमच्या संध्याकाळी वर्षाच्या अडीचशेच्या वर.

या मुख्य प्रशिक्षकाच्या जागी मलाच बसवा, असं नाही हं. लॅबचं काम मला सोडवत नाही, तिथे भविष्यनिर्वाह निधी आहे. माझ्याहून चांगल्या दोन जणी माझ्या डोळ्यांसमोर आहेत. एक लग्न होऊन गोवंडीला गेलीय आणि दुसरी सध्या घरी बसून इमिटेशन दागिन्यांचे खडे चिकटवते.

तुमच्या अडचणी मला कळत नाहीत असं नाही. आमच्यातली निम्मी मंडळं नोंदणीच नसलेली. ज्यांची आहे त्यांचे ऑडिट रखडलेले, बारा-ए आणि ऐंशी-जी या करसवलतीच्या नोंदण्या नाहीत, सीएसआरचे पैसे घेण्यासाठीचा सीएसआर-1 चा अर्ज कसा भरायचा माहीत नाही. तीन वर्षांच्या कामाचा पुरावा मागितला की आम्ही चषक दाखवतो. अशा ठिकाणी पैसे टाकताना तुमचा हात आखडणारच. मग नोंदणी असलेल्या एखाद्या ट्रस्टमार्फत द्या, पण करारात मानधनाचा आकडा वेगळा लिहा, आणि तो थेट त्या बाईच्या खात्यात जाईल असं बघा. नाहीतर मधल्या मधे 'क्षमता बांधणी' नावाच्या खड्ड्यात तो कुठे जिरतो ते कळत नाही.

आणि आमच्याकडून काय मागायचं तेही सांगते, कारण तुम्ही भलतंच मागता. किती मुलांनी टी-शर्ट घातला हे विचारू नका. हजेरीची वही मागा. त्यातही एकूण आकडा नको, एकच गोष्ट बघा: जूनमध्ये आठवीत असलेल्या किती मुली पुढच्या जूनमध्येही वहीत आहेत. हा आकडा फुगवता येत नाही. नावं तीच लागतात. प्रशिक्षकांची पोलीस पडताळणी मागा, आमच्याकडे कोणी मागतच नाही आणि मला ते भीतीचं वाटतं. मुलींच्या तुकडीवर कायम एक बाई असलीच पाहिजे ही अट घाला. पालकांची सभा महिन्याला झाली का विचारा. हे सगळं द्यायला आम्ही तयार आहोत, किंबहुना तुम्ही मागितलंत तर आमच्यातल्याच काही दादा लोकांना शिस्त लागेल.

आणखी एक. तुमच्या खात्यात खो फार पटापट मिळतो. चौदा वर्षांत माझ्या मोबाइलमध्ये 'सीएसआर' नावाने सेव्ह केलेले अकरा नंबर आहेत. त्यातला एकही आज त्या खुर्चीवर नाही. प्रत्येक नव्या माणसाला मी मानखुर्द स्टेशनवरून आणते, पाण्याची गोष्ट सांगते, दिव्याचा तह सांगते, तो मान डोलावतो, 'वॉव' म्हणतो, आणि वर्षभरात दुसऱ्या कंपनीत जातो. जाताना निदान आपली फाइल तुमच्या जागी येणाऱ्याच्या हातात द्या. माझ्या पाण्याच्या वेळापत्रकाची झेरॉक्स तिच्यात असू द्या.

काही चांगलंही झालंय, ते लिहिलं नाही तर हे पत्र कुरकुरीचं होईल. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलांनी आणि मुलींनी, दोघांनीही जिंकला. दोन्ही अंतिम सामने नेपाळशी. महिलांची कर्णधार प्रियंका इंगळे, पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे. आम्ही मुलींचा सामना एका फोनवर पाहिला, वीस जणी दाटीने. दुसऱ्या दिवशी मैदानावर ज्या नव्या मुली आल्या त्यांना बसवायला जागा नव्हती. मॅट कशी असते, असं एकीने विचारलं. मी म्हटलं, गटार नसतं तिच्यात. आठवडाभर मैदान तसंच भरलेलं होतं. नंतर ओसरलं, कारण चाळीस मुलींना शिकवायला मी एकटी, आणि ज्यांना चौकावर बसून खो मिळत नाही त्या तिसऱ्या दिवशी येत नाहीत. त्या आठवड्यात मला दोन मदतनीस मुली हव्या होत्या. चषक नको होता.

तेव्हा यायचं असेल तर एखाद्या बुधवारी संध्याकाळी सहाला या. एकटे या, फोटोग्राफर नको. बूट चालतील, पण गटाराच्या बाजूने येऊ नका, वरची फरशी हलते. पाणी आल्यावर निम्म्या मुली पळतील, घाबरू नका, अर्ध्या तासात परत येतात. तोवर चौकांवर बसायला माणसं कमी पडतात, तेव्हा एका चौकावर तुम्हालाही बसवीन. मला लॅबमधून यायला उशीर झाला तर गेटची किल्ली समोरच्या किराणा दुकानात असते. ताईंनी सांगितलंय म्हणा, देतील.

आपली,
खो-खोवाली ताई
मानखुर्द, मुंबई